चोर सोडून राणीला फाशी

राणीमाशी चांगली आहे हे कसं ओळखायचं? मधमाश्या पाळणाऱ्या कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं. पेटीतली फ्रेम उचला आणि ब्रूड बघा. ब्रूड म्हणजे पोळ्यातली अंडी, अळ्या आणि मेणाच्या झाकणाखालचे कोष. झाकलेले कप्पे सलग, सतरंजी अंथरल्यासारखे दिसले की राणी उत्तम. मधे मधे भोकं दिसली की राणी संपली, बदला तिला! बदला म्हणजे चिमटीत धरून चिरडा आणि दुसरी आणून सोडा.

मला हा प्रकार अजिबात पटत नाही. आरोपीची बाजूही न ऐकता दिलेली ही फाशी आहे.

मुळात आपण बघतो काय? कामकरी माशी अंड्यापासून बाहेर पडेपर्यंत साधारण २१ दिवस घेते (ही गणितं युरोपियन, म्हणजे मेलिफेरा माशीची). कप्प्यावर झाकण येतं नवव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे आज दिसणारं झाकलेलं ब्रूड ही ९ ते २१ दिवसांपूर्वी घातलेली अंडी. जुना लॉग वाचून आजचा निकाल द्यायचा! बरं, मधल्या दिवसांत त्या अंड्यांना राणीने हातही लावलेला नसतो. भरवणं, ऊब देणं, साफसफाई, सगळं कामकरी माश्यांकडे.

मग भोकं पडतात कशी? पराग कमी पडला की कामकरी माश्या स्वतःच अळ्या खाऊन टाकतात. माश्यांची संख्या घटली तर सगळ्या ब्रूडला ३४-३५ अंशांची ऊब पुरत नाही. मकरंदाचा पूर आला तर राणीच्या जागेत मध भरला जातो. आणि गंमत म्हणजे, ज्या वसाहतीला आजारी कोष ओळखून बाहेर फेकायची चांगली सवय आहे, तिचं ब्रूडसुद्धा भोकाभोकांचं दिसू शकतं. म्हणजे गुणालाच दोष ठरवून आपण ती वाणच बुडवतो. आता बोला!

हे नुसते माझे तर्क नाहीत. अमेरिकेत २०१६ आणि २०१७ साली संशोधकांनी व्यावसायिक मधपाळांच्या पेट्यांमधून चांगल्या आणि वाईट ब्रूडच्या जोड्या निवडून राण्या तपासल्या. वाईट ब्रूडशी खात्रीने जोडता येईल असा एकही दोष राण्यांमध्ये सापडला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी २१ जोड्यांमधल्या राण्यांची अदलाबदल केली. 'वाईट' राण्या चांगल्या वसाहतीत गेल्या आणि २१ दिवसांत त्यांचं ब्रूड लक्षणीय सुधारलं. राणी तीच, फक्त घर बदललं. हा निबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कोड तोच ठेवून मशीन बदललं आणि बग गेला, तर आपण कोडला शिव्या देऊ का?

यावर लोक म्हणतात, "पण राणी बदलल्यावर पेटी सुधारते ना!" सुधारते कधीकधी. सर्व्हर रीस्टार्ट केल्यावरही सुधारतो. नवी राणी अंडी घालू लागेपर्यंत ब्रूडमध्ये खंड पडतो, आणि झाकलेल्या कप्प्यांत वाढणाऱ्या व्हरोआ या परजीवी कोळ्याला तेवढे दिवस वाढायला जागा मिळत नाही. शिवाय तोवर ऋतू पालटून फुलोराही आलेला असू शकतो. श्रेय मात्र नव्या राणीला!

राणी कधीच दोषी नसते असं मी म्हणत नाही. साठवलेले शुक्राणू संपले की कामकऱ्यांच्या कप्प्यांत नर वाढू लागतात आणि झाकणं फुगीर दिसतात. तिथे ती खरंच संपलेली असते. (एकेका कप्प्यात अनेक अंडी दिसली तर मात्र थांबा. बहुधा राणीच नाही आणि कामकरीच अंडी घालताहेत.) जवळच्या नात्यातल्या नराशी मीलन झालं तर काही अळ्या द्विगुणित नर निघतात आणि कामकरी त्या लहानपणीच खाऊन टाकतात. त्याचीही भोकं दिसतात. पण मग तपासा ना! भोकांत अंडी आहेत का? अंडी आहेत पण मोठ्या अळ्या नाहीत, असं आहे का? पराग किती साठलाय? कोळी किती? दोन मिनिटांचं काम.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं. सह्याद्रीत ऐन पावसाळ्यात माश्यांची उपासमार होते. तेव्हाचं विरळ ब्रूड बघून सातेरीच्या राणीला दोष देणं म्हणजे दुष्काळात आईला 'पोरं का वाळली' म्हणून झोडपणं.

खरा घोळ 'राणी' या शब्दात आहे. राणी म्हटलं की आपण 'यथा राजा तथा प्रजा' म्हणून मोकळे होतो. पोळ्यात ती हुकूम देत नाही, बहुतेक वेळ अंडी घालते. तिला भरवायचं किती आणि बदलायचं कधी, हे प्रजा ठरवते. तेव्हा ब्रूड हा राणीचा प्रगतिपुस्तक नव्हे, सगळ्या घराचा ताळेबंद आहे. तो तसाच वाचा, आणि वाचून होईपर्यंत चिमूट आवरा.