हलका ब्राउझर आणि देवनागरीचे ओझे

लिनक्स किंवा बीएसडी यांसारख्या, युनिक्सच्या कुळातील प्रणालीवर हलका ब्राउझर कोणता घ्यावा हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तंत्रज्ञांवर सोडून द्यावा, अशी आमचीही आजवर समजूत होती. दोन जीबी मेमरीच्या एका जुन्या संगणकावर आम्ही डेबियन बसविले आणि ती समजूत मोडली. यंत्र टाकून देण्याजोगे नव्हते. त्याचा कळफलक तर आजच्या पुष्कळ नव्या यंत्रांहून सरस. पण फायरफॉक्समध्ये तीनचार पाने उघडली की ते धापा टाकू लागे. म्हणून हलक्या ब्राउझरच्या शोधास निघालो आणि प्रथम डिलोपाशी थांबलो.

डिलो खरोखरच हलका आहे. 1999 च्या अखेरीस त्याचे काम सुरू झाले. यंत्र जुने असो, जोडणी मंद असो, माहितीपर्यंत सर्वांना पोचता यावे ही त्यामागील भूमिका. ती आम्हांला मनापासून पटते. त्यात जावास्क्रिप्ट चालत नाही, पाने क्षणात उघडतात. 2015 नंतर नऊ वर्षे त्याची नवी आवृत्ती निघाली नाही. मे 2024 मध्ये नव्या हातांनी 3.1 ही आवृत्ती काढली, याचाही आनंद वाटला. आम्ही त्यात मराठी कवितेवरील एक लेख उघडला. पापणी लवते न लवते तोच पान समोर आले, आणि वाचता येईना.

'कविता' या शब्दातील ऱ्हस्व वेलांटी 'व'च्या आधी न येता मागे पडून 'ता'ला चिकटली होती. 'अर्थ'मधला रफार 'थ'वर चढलाच नव्हता. पाय मोडलेला 'र' तसाच उभा होता. जोडाक्षरे सुटी झाली होती. 'कवितेचा अर्थ' एवढे दोन शब्द लावायलाही थांबावे लागत होते. लिपी नुकती शिकलेल्या परक्या माणसाने चित्रे उतरवावीत तसे ते पान दिसत होते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. युनिकोडमध्ये देवनागरी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठविला जातो. 'वि' म्हणजे आधी 'व', मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी पुढे आणणे, रफार डोक्यावर चढविणे, जोडाक्षर जुळविणे हे काम एखादी वेगळी आज्ञावली करते. लिनक्सच्या जगात पँगो आणि हार्फबझ ही त्यांतली परिचित नावे. साध्या इंग्रजी मजकुराला या मजुरीची फारशी गरज नसते. तेथे अक्षर येते आणि आधीच्या अक्षराशेजारी उभे राहते. डिलो ज्या एफएलटीके या साधनसंचावर उभा आहे, त्याच्या 1.3 या मालिकेत लिनक्सवर ही जुळणी होत नाही. गंमत अशी, की डिलोचे मूळ ज्या जीझिला नावाच्या ब्राउझरात आहे त्याचे कर्ते राफ लेव्हिअन. आणि पँगोच्या उभारणीतही याच गृहस्थांचा हात होता.

आमचा आक्षेप डिलोच्या कर्त्यांवर नाही. फावल्या वेळात, विनामूल्य केलेले ते काम आहे. आक्षेप 'हलका' या शब्दावर आहे. जे टाकले म्हणजे वजन उतरते, ते कोणाचे सामान आहे हे विचारण्याची पद्धतच नाही. 2008 च्या आसपास लिनक्सवरील फायरफॉक्स वेगवान करण्याची एक युक्ती इंग्रजीत सर्रास सांगितली जाई : पँगो बंद करा. त्याकरिता एक ओळ पुरे. सांगणाऱ्याचा ब्राउझर त्याने खरोखरच चपळ होई, कारण त्याला पँगोचे काही काम नव्हते. आपल्यापैकी कोणी ती ओळ विश्वासाने उतरवून घेतली असेल, तर त्याचे मराठी त्याच क्षणी विस्कटले असेल आणि दोष त्याने बहुधा टंकाला दिला असेल.

शब्दरूप ब्राउझरांकडे आम्ही आदराने पाहतो. 1992 मधला लिंक्स आजही चालतो. जपानात जन्मलेल्या डब्ल्यूथ्रीएमच्या तर नावातच 'पाहणे' हे जपानी क्रियापद आहे. परंतु हे दोन्ही टर्मिनलच्या चौकटीत चालतात. तेथील घरे समान रुंदीची, आणि देवनागरी अक्षर त्या घरांत बसायला मुळातच नाखूश. दुसऱ्या टोकाला सर्फसारखे ब्राउझर. त्यात मराठी अगदी नीट दिसते, पण आत वेबकिटचे अवजड इंजिन असते. केवळ खिडकी हलकी. घर तेवढेच जड.

शेवटी आम्ही नेटसर्फ निवडला. 2002 मध्ये रिस्क ओएस या प्रणालीसाठी त्याचे काम सुरू झाले. इंजिन त्याचे स्वतःचे. मात्र लिनक्सवर घेताना त्याची जीटीके आवृत्तीच घ्यावी, कारण ती अक्षरे पँगोकडून जुळवून घेते. फ्रेमबफर आवृत्ती याहून हलकी आहे, आणि आपल्या उपयोगाची नाही.

निवड करण्यापूर्वी प्रत्येकाने एक छोटी परीक्षा घ्यावी, असे आम्ही सुचवू. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द ब्राउझरला दाखवावेत. एकीकडे गुरुजन, दुसरीकडे स्वयंपाकी. भेद रफार आणि अर्ध्या 'ऱ'च्या त्या आडव्या फराट्याचा. जुळणी न करणाऱ्या ब्राउझरात हा भेद एका नुक्त्यावर येऊन टेकतो. मग 'ल' आणि 'श' पाहावेत. मराठी वळणाचा 'ल' हिंदीहून निराळा. पानाने आपली भाषा मराठी असल्याचे सांगितले असेल, टंकात ते वळण असेल आणि ब्राउझर त्याची विचारणा करीत असेल, तरच तो दिसतो. ही शेवटची अपेक्षा कोणास चैनीची वाटेल. आम्हांला वाटत नाही; पण वेलांटी आधी जागेवर यावी, हे मान्य.

जावास्क्रिप्टचे दुखणे राहतेच. नेटसर्फमध्ये ते अर्धेमुर्धे चालते. विकिपीडिया आणि विकिस्रोत वाचायला त्याची गरज पडत नाही. मात्र ब्लॉगरने 2011 मध्ये आणलेली 'डायनॅमिक' मांडणी ज्यांनी हौसेने स्वीकारली, त्यांचे लेखन असल्या ब्राउझरांत उघडतच नाही. ज्या मजकुराला परिच्छेद आणि शीर्षक यांपलीकडे काही लागत नाही, तो मजकूर अशा पडद्याआड ठेवणाऱ्यांत आपणही आहोत. आमच्यापैकी एकाचे जुने लेख याच मांडणीत होते. ती त्याने मागच्या आठवड्यात बदलली.

बँकेची आणि अर्जांची कामे करण्यासाठी फायरफॉक्सची दीर्घ मुदतीची आवृत्ती त्या यंत्रावर ठेवली आहे. एका वेळी एकच पान उघडायचे, एवढे पथ्य. डिलोही काढलेला नाही. एफएलटीकेची 1.4 ही आवृत्ती नोव्हेंबर 2024 मध्ये आली आणि तिच्यात पँगो वापरण्याची सोय आहे. डिलो तिच्यावर पक्का स्थिरावला, की तोच लेख पुन्हा उघडून पाहू.