क्राफ्टवर्कने कपाटात ठेवलेले तीन अल्बम

क्राफ्टवर्क या जर्मन गटाने 2009 साली आपल्या आठ अल्बमचा संच काढला. त्यात पहिला क्रमांक आहे 1974 च्या ‘आउटोबान’चा. त्याआधी गटाने तीन अल्बम केले होते: 1970 चा ‘क्राफ्टवर्क’, 1972 चा ‘क्राफ्टवर्क 2’ आणि 1973 चा ‘राल्फ उंड फ्लोरियान’. संचात ते नाहीत आणि सीडीवर ते अधिकृतपणे कधीच आले नाहीत. इलेक्ट्रॉनिक संगीताची वाट ज्यांनी पाडली, त्यांनीच आपली पहिली पावलं झाकून ठेवावीत का?

हक्काचा प्रश्न चटकन निकालात निघतो. संगीत त्यांचं आहे. पुन्हा काढायचं की नाही हे त्यांनीच ठरवायचं. शिवाय हा नकार मला थोडा आवडतोही. जुन्या नावांचे अर्धेकच्चे टेप ‘दुर्मीळ ठेवा’ म्हणून खपवणाऱ्या धंद्यात एखादा गट हातचे पैसे सोडून देतो, हे रोज घडत नाही. राल्फ ह्यूटर आणि फ्लोरियान श्नायडर पहिल्या अल्बमच्या वेळी तेविशी-चोविशीत होते. हाताशी बासरी, ऑर्गन, व्हायोलिन; ढोलवादक तर अल्बम पुरा होईपर्यंत बदललेला. पुढे त्यांनी यंत्रमानवासारखा निर्विकार, इस्त्री केलेला चेहरा घडवला. त्याच्या शेजारी हे लांब केसांचे दिवस विसंगत दिसतात, ही त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. कवी वहीतल्या सुरुवातीच्या कविता संग्रहातून वगळतो, त्याला आपण नावं ठेवत नाही.

पण हे अल्बम वहीत नव्हते, दुकानात होते. आणि ते ऐकले की ‘कच्चं काम’ हा शिक्का पुसट होऊ लागतो. पहिल्या अल्बममधलं ‘रुकत्सुक’ बासरीच्या एकाच छोट्या तुकड्यावर उभं आहे. तो तुकडा प्रतिध्वनीत स्वतःवरच चढत जातो, लय मध्येच पळते, मध्येच रेंगाळते. शेवटची रचना त्याहून अस्वस्थ करणारी. तिचं नाव मार्टिन ल्यूथर यांच्या नाताळच्या भक्तिगीतावरून घेतलेलं, ‘फोम हिमेल होख’, म्हणजे ‘उंच आकाशातून’. आकाशातून खाली येतं ते मात्र विमानांच्या घरघरीसारखं आणि बॉम्ब पडत असावेत असं काहीतरी. दुसऱ्या महायुद्धानंतर भग्न शहरांत वाढलेल्या पिढीचा हा आवाज पुढच्या गुळगुळीत क्राफ्टवर्कमध्ये इतका उघडा कुठेच सापडत नाही.

दुसरा अल्बम माझ्या मते तिन्हींत सर्वांत विस्कळीत, आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा. ढोलवादक क्लाउस डिंगर आणि काही महिने सोबत वाजवलेले गिटारवादक मिखाएल रोथर बाहेर पडले होते, त्यांनी ‘नॉय!’ हा स्वतःचा गट काढला. उरले दोघे. ठेका धरायला माणूस नाही, म्हणून ऑर्गनसोबत वापरायची तयार ठेक्यांची पेटी त्यांनी कामाला लावली. ‘क्लिंगक्लांग’ या सतरा मिनिटांच्या रचनेत ती टकटक ऐकू येते, अडखळत वेगही बदलते. ज्या यंत्राच्या ठेक्यावर पुढे अर्धं जग नाचलं, तो या घरात आला तो गरजेपोटी. गटाचा ड्युसेलडॉर्फमधला स्टुडिओही पुढे ‘क्लिंगक्लांग’ याच नावाने ओळखला गेला. ज्या रचनेचं नाव दारावर मिरवलं, ती सूचीत मात्र नको!

‘आउटोबान’पाशी मारलेली रेघही वाटते तितकी सरळ नाही. बावीस मिनिटांचं ते मोटारप्रवासाचं गाणं गाजलं, त्याच्या छोट्या आवृत्तीने अमेरिका आणि ब्रिटनचे रेडिओ काबीज केले, हे खरं. पण त्याच अल्बमची शेवटची रचना सकाळच्या फेरफटक्याची आहे आणि तिच्यात बासरी वाजते. जुनं क्राफ्टवर्क तिथेही आहेच.

मला सर्वांत जास्त खुपतो तो श्रेयाचा भाग. ध्वनिमुद्रक कोनी प्लांक यांचं नाव पहिल्या दोन अल्बमवर निर्माते म्हणून ह्यूटर-श्नायडर यांच्या जोडीला आहे. ‘आउटोबान’वर ते फक्त ध्वनिमुद्रणापुरतं उरतं. ‘आउटोबान’च्या आवाजात प्लांक यांचा वाटा नेमका किती, यावर मतं वेगळी असू शकतात. मात्र सूची 1974 पासून सुरू केली, की निर्मितीत बरोबरीने बसणारा माणूसच पुसला जातो. प्लांक 1987 साली गेले. डिंगर आणि त्यांच्या आधीचे ढोलवादक आन्द्रेआस होहमान यांची नावंही सूचीतून अशीच पुसली जातात.

‘इंटरनेटवर सगळं सापडतं, मग तक्रार कसली?’ असं कुणी म्हणेल. सापडतं ते बहुतेक जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं, खरखरीसकट, चोरट्या सीडींमधून फिरत आलेलं. म्हणजे नकारामुळे अल्बम लपले नाहीत, त्यांच्या वाईट प्रती तेवढ्या पसरल्या.

भीती उलट बाजूचीही आहे. हे अल्बम पुन्हा काढायचं ठरलं तर हा गट जुन्या कामावर हात फिरवल्याशिवाय राहील का? 2009 च्या संचात ‘आउटोबान’च्या मुखपृष्ठावरचं एमिल शुल्ट यांचं चित्र जाऊन निळ्या रंगातलं महामार्गाचं चिन्ह आलं. (गंमत अशी की, रस्त्यावरचा शंकू पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर होताच.) श्नायडर 2020 मध्ये निवर्तले, आता शब्द मुख्यतः ह्यूटर यांचा. त्यांनी हे तीन अल्बम मुख्य सूचीत घ्यावेत असा आग्रह नको. ‘सुरुवातीचं काम’ असं स्वच्छ लिहून वेगळे काढावेत, मूळ टेपवरून, अडखळणाऱ्या ठेक्यासकट, आणि त्या वेळी छापलेली सगळी नावं तशीच ठेवून.