वाईट हाताची कैफियत

माझा हात वाईट आहे, हे मला वयाच्या अकराव्या वर्षी अधिकृतरीत्या कळलं. तोपर्यंत मी भिंती, पाटी आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्या यांवर बिनदिक्कत चित्रं काढत असे, आणि ती मला आवडतही असत. मग एके दिवशी चित्रकलेच्या सरांनी टेबलावर एक फुलदाणी ठेवली आणि 'वस्तुचित्र' काढायला सांगितलं. सर माझ्या बाकापाशी आले. कागद उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला आणि म्हणाले, "मी फुलदाणी ठेवली होती, तू बंब काढलास. तुझा हात चांगला नाही." वर्ग हसला. मीही हसलो, दुसरं करतो काय? एलिमेंटरीला बसणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आलं नाही, आणि पुढची पन्नास-बावन्न वर्षं मी पेन्सिलीचा उपयोग फक्त वाण्याची यादी करण्यासाठी केला.

सरांवर माझा राग नाही. साठ पोरांच्या वर्गात एका तासात तेही काय करणार? माझा राग आहे त्या वाक्यावर. पाय चांगला नाही म्हटलं तर माणसाला डॉक्टरकडे नेतात. डोळा चांगला नाही म्हटलं तर चष्मा देतात. पण हात चांगला नाही म्हटलं की प्रकरण तिथेच संपतं. अपील नाही, फेरतपासणी नाही, सरळ जन्मठेप!

आता पिंप्राळा म्हणजे एके काळचं स्वतंत्र गाव. जळगावनं ते कधीच पोटात घेतलं, पण आषाढी एकादशीला पांडुरंगाचा रथ निघाला की ते पुन्हा गाव होतं. अशा या पिंप्राळ्यात काही मंडळी दर रविवारी सकाळी एका घराच्या ओट्यावर जमून चित्रं काढतात, ही बातमी मला निवृत्तीनंतर लागली. फी नाही, परीक्षा नाही. स्वतःचा कागद आणि स्वतःचे रंग आणायचे, चहा मात्र घरमालकाचा. मी पहिल्या रविवारी गेलो तो भाजीची पिशवी घेऊन. कुणी विचारलंच तर "बाजारात निघालो होतो" म्हणायची सोय. समोरच्या कडुनिंबाखाली दहा मिनिटं उभा राहिलो आणि दोन जुड्या मेथी घेऊन परत आलो. दुसऱ्या रविवारीही मेथी. तिसऱ्या रविवारी आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एकदा आत तरी जा, नाहीतर भाजी तरी बदला."

चौथ्या रविवारी ओट्यावरूनच हाक आली, "काय करी राह्यले नाना तिथं? या ना वर!" हाक मारणारे एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. मी वर चढलो आणि पहिलं वाक्य बोललो, "मला काही येत नाही हं. नुसतं बघायला आलोय." त्यावर सगळे इतके मोकळेपणी हसले की मला पुन्हा ती फुलदाणी आठवली. पण हे हसणं निराळं होतं. कारण नंतर कळलं की त्या ओट्यावरचा प्रत्येक जण पहिल्या दिवशी हेच वाक्य बोलला होता. कंडक्टर नुसतं बघायला आले होते, त्यांची रेघ अजून चालत्या गाडीत तिकीट फाडल्यासारखी हलते. बँकेतल्या कॅशियर ताई नुसतं बघायला आल्या होत्या, त्यांची झाडं नोटांच्या बंडलांसारखी एकावर एक रचलेली असतात. शेजारच्या काकू नातीला सोडायला म्हणून आल्या. नात कंटाळून गेली, काकू राहिल्या. आणि ज्याची मला सगळ्यांत धास्ती वाटली, तो विशीतला पोरगा! त्याच्या ब्रशाखाली पाणी खरोखर वाहतं. तोही चहा पिताना हळूच म्हणाला, "आमच्या कॉलेजात एक जण आहे ना नाना, त्याच्यापुढं मला काहीच येत नाही."

घ्या! म्हणजे हा जिना वर किती मजले जातो? प्रत्येक जण वरच्या पायरीकडे पाहून शरमतोय आणि खालच्या पायरीवरचा त्याच्याकडे पाहून घाम पुसतोय. मग माझा प्रश्न असा आहे, की ही शरम आम्ही फक्त कागद-रंगांपुरतीच का राखून ठेवली आहे?

भरताचं उदाहरण घ्या. थंडी पडली की आमच्या खानदेशात शेताशेतांतून वांगी भाजली जातात. कुणाच्या भरीताला ठसका जास्त, कुणाचं तेल वर, कुणी मिरची कुटताना हात सैल सोडलेला. पण आजवर एकही जळगावकर मला भेटलेला नाही, जो "मला भरीत येत नाही, मी नुसतं बघायला आलोय" असं म्हणाला. २०१६ साली जळगावच्या भरीताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे प्रमाणपत्र आहे ते वांग्याला. भरीत करणाऱ्याला अजून कुणी मागितलेलं नाही. गुलाबाईची गाणी म्हणायला जमलेल्या पोरींना कुणी सूर तपासून आत घेतं का? पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणाऱ्याला कुणी ग्रेड विचारतं का? रथाच्या दोराला हात लावताना तुमचा दंड कोण मोजतो? तिथं हात लागणं महत्त्वाचं. मग कागदानंच असं काय घोडं मारलंय, की तिथं आधी हात चांगला असल्याचा दाखला हवा?

यावर विद्वान मंडळी दोन आक्षेप घेतात. पहिला असा, की मग दर्जाचं काय? दर्जाला माझा सलाम आहे. प्रदर्शनात त्या पोराचंच चित्र लावा, माझं लावलंत तर मीच उतरवीन. पण गावात पोहणारा प्रत्येक जण ऑलिंपिकला निघालेला नसतो, म्हणून विहिरीला कुलूप घालत नाहीत.

दुसरा आक्षेप हा आक्षेप नसून दिलासा असतो, आणि तो मला जास्त घातक वाटतो. "अहो, निराश होऊ नका! रवींद्रनाथांनी म्हातारपणी चित्रं काढायला घेतली आणि १९३० साली पॅरिसला प्रदर्शन भरवलं. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना तर लिहिता-वाचताही येत नव्हतं!" सगळं खरं. पण यातून मी काय समजायचं? मीही आतून रवींद्रनाथच आहे, फक्त झाकण उघडायचं राहिलंय? मी बंब काढणारा माणूस आहे, आणि सत्तरीलाही बहुधा बंबच काढीन. थोरांची नावं घेऊन धीर देणारे नकळत हेच सांगतात, की शेवटी थोर निघणार असाल तरच खटाटोप करा. बहिणाबाईंचंच पाहा. त्या १९५१ साली गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली १९५२ साली. जात्यावर बसताना त्यांनी पुस्तक डोळ्यांपुढे ठेवलं नव्हतं. दळण होतं, म्हणून गाणं होतं.

आणि चित्रच महत्त्वाचं म्हणाल, तर मेजर रॉबर्ट गिलची गोष्ट ऐका. इथून साठेक किलोमीटरवर अजिंठा. तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला हा लष्करी गोरा १८४४ साली नेमला गेला. वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधारात उभं राहून त्यानं मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले होते, आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळे जळून गेले. पुढे ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या आर्ट स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनलाच आगीत गेल्या. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर आमच्या भुसावळला आहे. पदरात पडतं ते फक्त चित्र, असं मानलं तर या माणसानं आयुष्य फुकट घालवलं म्हणायचं. मला तसं वाटत नाही. अजिंठ्याची ती चित्रं त्यानं जितकी पाहिली, तितकी त्या काळात कुणी पाहिली असतील? आग कॅनव्हासला लागते, पाहिलेल्याला लागत नाही.

एवढं मोठं उदाहरण घेतलं ते माझ्या छोट्या अनुभवासाठी. ज्या कडुनिंबाखाली मी तीन रविवार लपलो, तो काढायला बसलो तेव्हा कळलं, की त्याचं खोड सरळ नाही. कमरेत दुखावलेल्या माणसासारखं डावीकडे कललंय. कित्येक वर्षं मी त्याच्या सावलीतून सायकल, मग स्कूटर नेत होतो. मला तो दिसला तो पेन्सिल हातात आल्यावर. चित्रात तो केळीसारखा आला, हा भाग वेगळा. केळीच्या मुलखात एवढं चालायचंच.

इथवर मी फिर्यादी होतो. आता आरोपीच्या पिंजऱ्यातही उभं राहिलं पाहिजे.

आमची मुलगी सात-आठ वर्षांची असताना एकदा मोर काढून माझ्याकडे धावत आली होती. मी हापिसातून दमून आलेलो. कागद पाहिला आणि म्हणालो, "हा मोर की कोंबडी?" ती हसली. हसणं भाग होतं, हे मला त्या वेळी कळायला हवं होतं. मला नाही तर कुणाला? त्यानंतर तिनं घरात चित्र काढल्याचं आठवत नाही. आता ती पुण्याला असते, पोराबाळांची आहे, आणि शाळेचा तक्ता करायची वेळ आली की पोरांना सांगते, "बाबांकडून करून घ्या, माझा हात चांगला नाही." हे वाक्य तिला कुठल्याही सरांनी दिलं नाही. ते आमच्या घरातून गेलं.

गेल्या आषाढीला ओट्यावर आम्ही सगळ्यांनी रथ काढायला घेतला. माझ्या रथाची चाकं भरीताच्या वांग्यांसारखी झाली. तरी धीर करून मी त्याचा फोटो मोबाइलवरून मुलीला पाठवला आणि खाली लिहिलं, "त्या दिवशी तू मोरच काढला होतास." बराच वेळ उत्तर आलं नाही. म्हटलं, विसरली असेल. रात्री उत्तर आलं, "नाना, रथ ओळखला. त्या मोराला पिसारा काढायचा राहिला होता." आणि थोड्या वेळानं, "दिवाळीत येऊ तेव्हा रविवार आहे. तुमच्यात बाहेरगावच्यांना घेतात का? मला काही येत नाही हं."

मी लिहिलं, "नुसतं बघायला ये."