क्रँक मोजल्याशिवाय बेअरिंग आणू नका



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडवा, पाचट यांवर लिहावे. इंजिनात हात कशाला घालावा, असे कोणी म्हणेल. पण हंगामात ट्रॅक्टर वाटेत बंद पडला की ट्रॉलीतला ऊस वाळतो, वजन घटते, साखरही घटते, आणि बोलणी शेतकी खात्यालाच बसतात. पावसाळ्यात गावोगाव इंजिने खोलली जातात. त्या वेळी मेन आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगबाबत होणारी एक चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दुसऱ्याचे कशाला, घरचेच सांगतो. थोरल्या भावाने जुना ट्रॅक्टर घेतला होता. पर्किन्स बनावटीचे तीन सिलिंडरचे इंजिन, म्हणजे मेन बेअरिंगचे चार जोड आणि रॉडचे तीन. काम काढले तेव्हा जुन्या बेअरिंगच्या पाठीवर ०२० असा आकडा निघाला. मिस्त्री म्हणाला, "वीसचा सेट घेऊन या, बसवून टाकू." क्रँकच्या पिनांवरून अंगठा फिरवला, "गुळगुळीत हाय, काय करायचं नाही." मी तिथेच उभा होतो. पदविकेला ट्रॅक्टर हा विषय शिकलेला माणूस, पण गप्प बसलो. जानेवारीत इंजिन तापले की तेलाचा दाब खाली यायला लागला आणि ओझ्यावर ठोक ऐकू यायला लागली. मिस्त्रीने रॉडच्या कॅपला कानस मारून ढिलाई काढली. पंधरा दिवसांत बेअरिंग पिनला धरले. भरलेली ट्रॉली दोन दिवस रस्त्याकडेला उभी!

पाठीवरचा आकडा काय सांगतो? मागच्या वेळी क्रँक २० थाऊ, म्हणजे इंचाचे २० हजारांश, घासून बारीक केला आणि तेवढे जाड बेअरिंग घातले, एवढेच. त्यानंतर क्रँक किती झिजला हे त्यावर लिहिलेले नसते. या इंजिनाची रॉडची पिन मुळात सुमारे सव्वादोन इंच जाडीची. ढोबळ हिशेबाने दर इंचाला एक थाऊ, म्हणजे पिन आणि बेअरिंग यांत दोन-अडीच थाऊची फट हवी. डोक्याचा केससुद्धा साधारण तेवढाच जाड असतो. येथे सुताची भाषा उपयोगाची नाही. शिवाय जळत्या डिझेलचा दणका पिनच्या एकाच बाजूवर येतो, त्यामुळे ती गोल न राहता अंडाकृती झिजते. तो फरक अंगठ्याला कळत नाही. अशा पिनवर नवे बेअरिंग घातले की एकीकडे घट्ट, एकीकडे सैल. सैल बाजूने तेल निसटते आणि दाब जातो.

म्हणून आधी क्रँक मायक्रोमीटरने मोजावा. प्रत्येक जर्नल, प्रत्येक पिन, आडवी-उभी, दोन्ही टोकांना. घासायचा ठरला तर पुढच्या मापाला घासावा आणि मगच दुकानात जावे. मेन आणि रॉडचे माप एकच असले पाहिजे असेही नाही. भावाच्या क्रँकवर आता मेन वीसचे आणि रॉड तीसचे आहेत. घासणाऱ्याला दोन गोष्टी बजावून सांगा: पिनच्या कोपऱ्यातली गोलाई राखायची, नाहीतर क्रँक तिथेच तडकतो, आणि तेलाच्या भोकांची धार मोडून आतले मार्ग धुवायचे.

कानस मारण्याची खोड जुनी आहे, आणि तिला कारणही आहे. पूर्वी बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल ओतून ते हाताने खरडून बसवीत, कॅपखालचे पातळ पत्रे काढून ढिलाई काढीत. आपल्या मिलच्या रोलरचे जाड ब्रास आजही फिटर खरडून जुळवतो, ती कलाच आहे. पण आजच्या इंजिनाचे बेअरिंग पातळ. पोलादी पाठ, तिच्यावर तांबे-शिसे आणि वर जेमतेम अर्धा-एक थाऊचा मऊ थर. (काही इंजिनांत ॲल्युमिनियम-कथिलाचे असते. आपल्या इंजिनाला कंपनीने जे नेमले तेच घ्यावे, स्वस्त म्हणून बदलू नये.) त्यावर पॉलिश पेपर फिरवला की मऊ थर गेला. पाठीमागे कागद घालणे तर विचारूच नका. कॅप घासली की रॉडचे भोक कायमचे वाकडे. मेनच्या जोडात तेलाचे भोक आणि खाच असलेला अर्धा ब्लॉकच्या बाजूला येतो. उलटा बसला तर तेल अडते आणि रॉडही कोरडे पडतात.

दुकानातल्या घासाघिशीत शंभर-दोनशे वाचवणारे आपण मोजणीचे पैसे मात्र फुकट गेले समजतो. याला काय म्हणावे!

संचालक मंडळाला माझी एक विनंती आहे. पावसाळ्यात आपल्या वर्कशॉपचे काम चालूच असते. आठवड्यातला एक दिवस, बाजाराचा धरला तरी चालेल, सभासदांचे आणि वाहतूकदारांचे क्रँक तेथे मोजून द्यावेत आणि मापे एका कार्डावर लिहून द्यावीत. पुढच्या वेळी मिस्त्री बदलला, ट्रॅक्टर विकला, तरी कार्ड बरोबर जाईल. भावाच्या ट्रॅक्टरबरोबर तसे कार्ड आले असते तर आम्ही तरी आकड्यावर विसंबलो नसतो. आता पुढच्या वेळी त्याला बहुधा क्रँकच नवा घ्यावा लागणार.