परसातील शिकार

गेल्या वैशाखात आमच्या धाकट्या पुतण्याची मुंज झाली. आहेरात चांदीचे पळीपंचपात्र आले, पुस्तके आली, घड्याळ आले, आणि त्याच्या मामांकडून एक हवाई बंदूक आली. कालच्या बटूच्या हाती आज बंदूक पाहून पंक्तीत थोडा हशा झाला. "अहो, खेळणेच ते! दारू नाही, धूर नाही, आवाज नाही," असे मामांनी सांगितले आणि विषय तेथेच संपला. हसणाऱ्यांत मीही होतो. हे प्रारंभीच सांगून ठेवलेले बरे. कारण पुढे जे घडले त्यात माझाही वाटा आहे.

ज्येष्ठ लागला तसे गच्चीवर वाळवण पडले. भंडाऱ्याचे ऊन ज्यांनी सोसले आहे त्यांना सांगावयास नकोच की, दोन दिवसांत कुरड्या खडखडीत होतात. परंतु त्या दोन दिवसांत खारींचाही सण असतो. आमच्या मातोश्रींनी त्यांना दटावून पाहिले, जाळी घालून पाहिली, आणि शेवटी वैतागून म्हणाल्या, "या मेल्या खारींनी अगदी उच्छाद मांडला आहे!" घरातील वडील माणसाच्या तोंडून निघालेला असा उद्गार लहान मूल कसे ऐकते, याचा विचार आपण कधी करीत नाही. पुतण्याने त्यास आज्ञा मानले.

त्याचा नेम चुकला असे म्हणवत नाही, आणि साधला असेही म्हणवत नाही. पेरूच्या फांदीवरून खार खाली पडली, मागचे पाय ओढीत लाकडांच्या ढिगात शिरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भांडीवालीला ती मुंग्यांनी भरलेली सापडली. मुलाने ते पाहिले. तो त्या दिवशी जेवला, खेळलाही. परंतु बंदूक त्याने कोठीतच ठेवली. तिसऱ्या दिवशी कवेलूंच्या खालून बारीक चिरचिर ऐकू येऊ लागली. शिडी लावून पाहतो तो कापूस, काथ्या आणि मुंजीच्या मांडवातील सुतळी असे सामान जमवून केलेले घरटे, आणि त्यात डोळेही न उघडलेली तीन पिल्ले! दोन गार झाली होती. तिसरे चार दिवस जगले. मुलाने कापसाच्या वातीने त्याला गाईचे दूध पाजले. असल्या पिल्लास गाईचे दूध मानवत नाही, आणि अशा वेळी स्वतः उपचार करीत न बसता वनखात्यास कळवावयाचे असते, हे मला मागाहून समजले. घरात एवढी शिकलेली माणसे, पण एकासही ते ठाऊक नव्हते.

आता या खेळण्याविषयी थोडे. हवाई बंदुकीत बहुधा एक दणकट स्प्रिंग असते. नळी वाकवून ती दाबली जाते, आणि घोडा ओढताच सुटलेली स्प्रिंग दट्ट्यास पुढे लोटून हवा दाबते. त्या दाबाने शिशाचा छर्रा बाहेर पडतो. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या हवाई बंदुकीचा जोर 20 ज्यूलपेक्षा अधिक नाही आणि जिच्या नळीचे तोंड 0.177 इंचाहून, म्हणजे साडेचार मिलिमीटरांहून, मोठे नाही, तिला परवाना लागत नाही. लोकांनी यावरून "परवाना नाही, म्हणजे धोका नाही" असा सोयीचा अर्थ काढला आहे. एवढा जोर माणसाचा डोळा कायमचा घालविण्यास पुष्कळ आहे. छर्रा दगडावर आपटून उलटही येतो. आणि खारीस किंवा होल्यास तो बहुधा जागच्या जागी मारीत नाही, जखमी करतो. मोठ्या बंदुकीचा बार ऐकून चार माणसे धावतात. हिचा आवाज शेजारच्या ओसरीवरही नीटसा जात नाही. मामांनी जो गुण म्हणून सांगितला, तोच मला हिचा मोठा दोष वाटतो.

कायदा तर याबाबतीत अगदी स्पष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाचा अर्थ केवळ ठार मारणे एवढाच नाही; पकडणे, फासे लावणे, जखमी करणे, पक्ष्यांची अंडी वा घरटी नासणे, इतकेच काय, तसा प्रयत्न करणे हेही त्यात येते. वाघबिबट्यांबरोबर ससे, होले, तित्तिर यांनाही त्या कायद्याने आश्रय दिला आणि पाच पट्ट्यांच्या खारीचे नावही त्याच्या परिशिष्टात आलेले आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कुरडई खाल्ली ही सबब तेथे चालत नाही.

मामांना हे सर्व कळविले. त्यांना वाईट वाटले, यात शंका नाही. परंतु त्यांनी एक मुद्दा काढला आणि तो टाकाऊ नव्हता. "सालिम अलींनी लहानपणी काय केले होते?" असे त्यांनी विचारले. गोष्ट खरी आहे. मुंबईच्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढणारा तो मुलगा हवाई बंदुकीने चिमण्या पाडीत असे, आणि एके दिवशी पिवळ्या कंठाची एक निराळी चिमणी त्याच्या हाती पडली. तेथून त्याची जी वाट सुरू झाली ती भारतीय पक्षिविद्येचीच वाट ठरली. 1985 साली निघालेल्या आत्मचरित्रास त्यांनी त्या चिमणीवरूनच नाव दिले. पण या कथेतील मामांकडे आमच्या मामांचे लक्ष गेले नव्हते. ती चिमणी कोणती, हे मुलाने विचारले तेव्हा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्यास मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठविले. साहेबांनी पेढींतील चिमण्या काढून दाखविल्या, पुस्तके दिली. बंदुका त्या काळी पुष्कळ मुलांजवळ होत्या. तसा प्रश्न आणि तसे उत्तर देणारे माणूस मात्र थोड्यांच्या वाट्यास आले. शिवाय ते विसाव्या शतकाचे पहिले दशक होते. तेव्हाचे रान आज कोठे आहे?

दुसरी एक गोष्ट मला अधिक टोचते. आमच्या घरात अंडेसुद्धा शिजत नाही. शिकार म्हटली की ती साहेबांची, राजेरजवाड्यांची, नाहीतर रानातल्या गोंडांची, अशी आमची समजूत. परंतु गोंड ससा मारीत असे तो खाण्यासाठी, आणि त्याच्या मागे कायदा तत्परतेने लागतो, हे आम्ही वर्तमानपत्रांत वाचतो. आमच्या परसातील खार ना कोणाच्या पोटात गेली, ना कोणी आम्हांस जाब विचारला. भूक नसता केलेली हत्या आमच्या सोवळ्यात कशी बसली, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. दर हिवाळ्यात आम्ही मुलांना नागझिऱ्यास नेतो. ते अभयारण्य 1970 साली जाहीर झाले तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते, 1999 पासून ते गोंदियात मोडते. 2013 मध्ये झालेले कोक्याचे अभयारण्य तर आमच्या उंबऱ्याशीच आहे. तेथे जिप्सीत मुलाने मोठ्याने बोलले तरी आम्ही डोळे वटारतो. घरी आल्यावर तोच नियम कवेलूंपर्यंत पोहोचत नाही.

अरुणाचल प्रदेशात 2021 च्या मार्चमध्ये लुमडुंग गावी हवाई बंदुका सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली आणि लोकांनी आपण होऊन पुष्कळ बंदुका आणून दिल्या. हे वाचून आमच्या वहिनींनी "आपलीही पाठवा तिकडे" असे म्हटले. बंधूंचे मत निराळे पडले. त्यांचे म्हणणे असे की, अभिनव बिंद्राने 2008 साली बीजिंगला सुवर्णपदक मिळविले ते हवाई रायफलीनेच. दहा मीटरांवरील त्या कागदी लक्ष्याचा मधला ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मुलाला नेम शिकावयाचाच असेल तर तो ठिपका आहे. मला हे पटले. वहिनींना अद्याप पटलेले नाही. तोवर बंदूक त्यांच्या कपाटात आहे आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

मुलाने तिची मागणी केलेली नाही. मात्र परवा रात्री मातोश्री त्याला सेतुबंधनाची गोष्ट सांगत होत्या. वाळूत लोळून सेतूवर अंग झाडणाऱ्या खारीच्या पाठीवरून प्रभूंनी तीन बोटे फिरविली, त्यांचे हे पट्टे, असे त्या म्हणाल्या. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "आजी, पण पट्टे पाच असतात. मधले तीन ठळक आणि कडेचे दोन फिके. मी मोजले होते."

मातोश्रींनी गोष्ट पुढे सांगितली नाही.