करेन माणसांचे दवाखाने चालू राहिलेच पाहिजेत

म्यानमारच्या साल्वीन नदीकाठी करेन या वांशिक समूहाची गावं आहेत. तिथं आता घराजवळ खंदक खणलेले असतात. विमानाची घरघर आली की मुलांना घेऊन आधी तिथं उतरायचं. तेही पुरेनासं झालं की टोपलीत तांदूळ, एक भांडं आणि ताडपत्री भरून जंगल गाठायचं. टोपलीचा पट्टा कपाळावर, कारण हात पोरानं अडवलेले.

करेन बंडखोर आणि म्यानमारचं लष्कर यांच्यातला हा लढा १९४९ पासूनचा. बंडखोरांचं अन्न, पैसा, माहिती आणि मनुष्यबळ तोडायचं हे लष्कराचं जुनं धोरण, म्हणून पहिली झळ लागते ती गावातल्या धान्याला. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता बळकावली आणि त्यानंतर हवाई हल्ले सुरू झाले.

सीमेपलीकडे थायलंडमध्ये निर्वासितांच्या नऊ छावण्या आहेत. पहिल्या १९८४ च्या. बांबूच्या त्या घरांत जन्मलेल्या मुली आता आया झाल्या आहेत! कामासाठी बाहेर पडायची मुभा नव्हती, त्यामुळे एक लाखाहून जास्त माणसं मदतीच्या शिध्यावर जगत होती. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेनं निधी रोखला. अनेक छावण्यांतले दवाखाने बंद पडले. जुलैअखेर बहुतेक कुटुंबांचा शिधाही थांबला.

पण वाट बंद झालेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये थायलंडनं छावण्यांतल्या निर्वासितांना कायदेशीर कामाची परवानगी द्यायचं ठरवलं. आणि मुख्य म्हणजे ही माणसं हातावर हात ठेवून बसलेली नाहीत. डॉ. सिंथिया माउंग या स्वतः करेन, स्वतः निर्वासित. मे सोत गावात १९८९ मध्ये त्यांनी मे ताओ क्लिनिक काढलं, तेव्हा उपकरणं निर्जंतुक करायला भाताचा कुकर होता. २००२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जो पुढं आपल्या प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांना मिळाला. आमट्यांचा हेमलकसाचा दवाखाना ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे काम वेगळं समजावून सांगायला नको. १९९८ पासून ‘बॅकपॅक हेल्थ वर्कर टीम’चे आरोग्यसेवकही पाठीवर औषधं घेऊन युद्धाच्या मुलखात गावोगाव चालताहेत. मलेरियाच्या गोळ्या, बाळंतपणं, जखमांची मलमपट्टी, सगळं तेच बघतात. माणसं तयार आहेत, रस्ते त्यांना ठाऊक आहेत. अडलंय ते औषधांच्या पैशांवर.

करेन आपल्याला अगदीच परके नाहीत. अंदमानात मायाबंदरजवळ वेबी गावी करेन कुटुंबं १९२५ पासून नांदताहेत. ते आपलेच देशबांधव आहेत.

तेव्हा आपण उठूया. मे ताओ क्लिनिक थेट देणगी स्वीकारतं, परदेशातल्या आपल्या मुलाबाळांना आजच सांगूया. तिथल्या महाराष्ट्र मंडळांनी यंदाच्या गणेशोत्सवात एक दानपेटी करेन रुग्णांसाठी ठेवावी. डॉक्टर मित्रांनी आपल्या संघटनेत विषय काढावा. आणि आपल्या खासदारांना दोन ओळींचं पत्र लिहूया: म्यानमार आपला शेजारी आहे, तिथल्या विस्थापितांपर्यंत औषध-धान्य पोचवायला भारत काय करतोय, हे संसदेत विचारा. पत्र याच आठवड्यात टाका.