डोंगरवाटेवरची सायकल

सायकल येणे आणि डोंगरातली सायकल येणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. आमच्या पिढीने तासाच्या भाड्याने सायकल आणून, दांड्याखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत ती विद्या मिळविली. एकदा तोल साधला की शिकावयाचे काही उरत नाही, असा समज त्यातून घरोघरी रूढ झाला. आज त्याच समजाने मुलामुलींना जाड टायरची, अनेक गिअरांची सायकल घेऊन दिली जाते आणि सुटीच्या दिवशी ती बेळगावाजवळच्या राजहंसगडासारख्या टेकडीची वाट धरतात. निघताना घरचे बजावतात, "जपून जा हो!" जपून म्हणजे नेमके कसे, हे मात्र कोणी सांगत नाही.

या खेळाचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, टॅमालपाइस डोंगराच्या परिसरात झाला. तेथील काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली वर नेऊन कच्च्या वाटेने खाली सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी अशा एका उतारावर शर्यत लावली. उतार असा तीव्र, की मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस तापून धुरासारखे उडून जाई आणि खाली पोचल्यावर ते नव्याने भरावे लागे. 'पुन्हा भरणे' या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या वाटेला 'रीपॅक' हे नाव पडले. पुढे १९९६ मध्ये अटलांटा येथे या खेळाला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

ज्या खेळाच्या पहिल्या वाटेचे नावच ब्रेकवरून पडले, त्याचा पहिला धडाही ब्रेकचाच असावा. तो डोंगरावर नव्हे, शाळेच्या मैदानावर गिरवावा. डोक्यावर घट्ट बसणारे हेल्मेट हवेच. पुढचा ब्रेक अधिक जोरदार असतो. उतारावर तो एकदम आवळला तर स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. नुसता मागचा दाबला तर चाक घसरते. म्हणून दोन्ही एकदम, पण हळूहळू दाबावेत आणि शरीर मागे न्यावे. वळणावर वेग कमी करावयाचा तो वळण येण्यापूर्वीच.

दुसरा धडा उभे राहण्याचा. खडबडीत उतारावर सीटवर बसून राहू नये. सीट थोडी खाली घ्यावी, दोन्ही पॅडल एका पातळीत आणावीत आणि घोडेस्वार रिकिबीत उभा राहतो तसे कोपर-गुडघे सैल वाकवून उभे राहावे. मग खाचखळग्यांचे धक्के हातापायांत जिरतात. चढावर याच्या उलट: गिअर चढ लागण्याआधीच हलका करावा, सीटच्या पुढच्या टोकाशी सरकावे आणि छाती हँडलकडे झुकवावी, नाही तर पुढचे चाक उचलले जाते. चढ झेपला नाही, तर उतरून सायकल ढकलण्यात कसलाही कमीपणा नाही.

तिसरा धडा डोळ्यांचा, आणि आमच्या मते तोच मुख्य. नजर जिकडे, चाक तिकडे. वाटेतल्या धोंड्यावर नजर खिळली की चाक नेमके त्यावरच जाते. म्हणून पुढच्या चाकाखाली न पाहता काही हात पुढे, जेथून जावयाचे त्या मोकळ्या जागेकडे पाहावे. धोंडा दिसला पाहिजे, पण नजर तेथे थांबता कामा नये.

येथे पालकांना एक विनंती आहे. मूल उतारावर असताना "अरे, दगड! पडशील!" असे ओरडू नये. आपल्या ओरडण्याने त्याची नजर वाटेवरून निघून दगडावर जाते आणि भीतीने हात ब्रेकवर आवळला जातो. म्हणजे वरचे दोन्ही धडे एका क्षणात पुसले जातात. सांगावयाचेच असेल तर "डावीकडून ये" एवढेच शांतपणे सांगावे. मुलीला तर आपण अधिकच घाबरवून सोडतो. तिची काळजी वाटत असेल, तर तिला घरी बसविण्याऐवजी महिनाभर मैदानावर ब्रेक दाबावयास शिकवावे. पावसाळ्यात तांबड्या मातीची वाट निसरडी होते. तेव्हा हे दिवस मैदानावरच्या सरावाचे. टेकडी कोठे पळून जात नाही.